संध्या हवेत असतानाचा फोटो

मामांच्या घरी दिवस सुरू व्हायचा तो ‘धप्’ अशा आवाजाने. मागच्या अंगणात कपड्यांच्या तारेसाठी रोवलेला एक लोखंडी खांब होता. त्याच्याभोवती जुन्या गाद्या पसरून माझी मामेबहीण संध्या उजाडल्याबरोबर सूर मारायला लागायची. खो-खोत पळणारी मुलगी खांबाला वळसा घालून निसटू लागली, की पाठलाग करणारीने एका हाताने खांब धरायचा, सगळं अंग हवेत झोकून द्यायचं आणि जमिनीवर आदळायच्या आत दुसऱ्या हाताने तिच्या पाठीला बोट लावायचं, तो हा सूर. अंगणातून आधी पावलांची धडधड यायची, मग खांब थरथरल्याचा आवाज, मग धप्. मामी स्वयंपाकघरातून मानही वर करत नसे. मामा मात्र आतल्या खोलीत दाढी करता करता कान तिकडेच लावून असत. “गुडघा टेकला,” ते आरशाकडे बघत ओरडायचे. बाहेरून संध्या कबूल करायची, “टेकला, टेकला!” पुन्हा धडधड, पुन्हा धप्. “आता बेस!” मामा म्हणायचे आणि दुसऱ्या गालाला साबण लावायचे. मी नवी होते तेव्हा मला वाटलं, हे खिडकीतून बघत असणार. पण त्या खोलीची एकुलती एक खिडकी शेजारच्या बोळाच्या बाजूला होती.

मी मूळची अकोल्याची. मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात आमचं घर, बाबा शाळेत शिक्षक, आणि मीही पुढे मास्तरीणच व्हावं असं त्यांनी माझ्या जन्माच्या आधीच ठरवून टाकलेलं. त्यासाठी मला अमरावतीच्या कॉलेजात घातलं आणि राहायला मामांकडे ठेवलं. राजापेठेत रस्त्याला लागून मामांचा फोटो स्टुडिओ आणि त्याच्या मागे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि अंगण. शेजारी शिकवणी वर्ग होता. त्याच्या भिंतीतून दिवसभर गणिताची सूत्रं ऐकू यायची, आणि वर्ग सुटला की सायकलींच्या घंट्या आणि स्कूटरचे हॉर्न. मामी अचलपूरची. तिच्या भावाचा फुलांचा मळा होता आणि तो एस.टी.ने झेंडू-शेवंतीची गाठोडी पाठवायचा. मामी त्यांचे हार करून विकायची. त्यामुळे आमच्या घराला एका बाजूने ओल्या फुलांचा वास असायचा आणि दुसऱ्या बाजूने डार्करूममधल्या औषधांचा. जेवताना हे दोन्ही वास ताटापर्यंत यायचे. ज्वारीची भाकरी, चून म्हणजे पिठलं, जवसाची चटणी, थंडीत कांद्याची पात घातलेलं वांग्याचं भरीत. मामी वाढताना हात आखडत नसे. “खाय वं पोरी,” ती म्हणायची, “तुह्या मामाच्या पिशव्या उचलाच्या हायेत तुले.” ते मात्र खरंच होतं. कॉलेज सुटल्यावर मी मामांच्या पिशव्या उचलत मैदानोमैदान हिंडायला लागले होते, आणि बाबांना हे कोणी कळवलेलं नव्हतं.

मामा लग्नामुंजींचे फोटो पोटासाठी काढायचे आणि खेळाचे फोटो जिवासाठी. कबड्डी, खो-खो, कुस्तीची दंगल, हिवाळ्यातला बैलजोड्यांचा शंकरपट, जिथे म्हणून उघड्यावर काही पळत, पडत किंवा धडकत असेल तिथे हा माणूस हजर. गावातली वर्तमानपत्रं त्यांच्याकडून फोटो घ्यायची. मला आजही असं वाटतं, की त्यांच्यासारखा मैदान वाचणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. आम्ही पोचलो की ते कॅमेरा काढत नसत. आधी मैदानाला एक फेरी मारायचे. सूर्य कुठे आहे, धूळ कुठल्या बाजूला उडते, पाणी मारलंय की नाही, पंच लठ्ठ आहे की बारीक, शाळेची पोरं कुठून आत घुसतील, सगळं बघून ठेवायचे. मग म्हणायचे, “शालू, फोटो काढनं सोपं हाये. आडवं येनारं बाजूले करनं, ते काम हाये.”

आणि ते काम ते असं करायचे, की बाजूला झालेल्या माणसाला आपला मानच झाला असं वाटावं. फक्कीच्या रेषेला खेटून उभ्या असलेल्या एखाद्या आडव्या अंगाच्या गृहस्थापाशी जाऊन ते हळूच म्हणायचे, “काका, उद्याच्या पेपरात तुमची पाठ येऊन राहिली. काकूले चालते का, इचारून घ्या.” काका हसत हसत खाली बसायचे आणि काका बसले की त्यांच्यामागचे दहा जणही बसायचे. कुणावर ओरडले, ढकललं, असं कधी नाही. तरीही रोज काही ना काही आडवं यायचंच. मामांनी अशा फसलेल्या फोटोंची डार्करूममध्ये एक भिंतच केली होती. तिला आम्ही आडव्यांची भिंत म्हणायचो. एका फोटोत कबड्डीची सुंदर पकड आणि तिच्या बरोब्बर मधोमध शेळी. एकात पंचांचा हात, असा, की खेळाडूला डोकंच नाही. एकात चहाचा ट्रे. एकात नुसती पाठ, मखमली जाकीट घातलेली, आणि खाली मामांच्या अक्षरात ‘अध्यक्ष महोदय’. चिडायच्या ऐवजी मामा ती भिंत येणाऱ्याजाणाऱ्याला हौसेने दाखवायचे.

कॅमेरा हातात कसा धरायचा हे त्यांनी मला शिकवलं, तेही असंच बोलता बोलता. त्यांच्याकडे दोन कॅमेरे होते. एक जुना, समारंभांचा, फ्लॅशवाला. दुसरा चांगला, लांब लेन्सचा, फक्त खेळासाठी. “पोरीच्या मागं पळू नको,” ते सांगायचे. “ते पळते, तू कायले पळतं? खांबावर फोकस बांधून ठेव अन् बसून राह्य. खांब कुठी जाते? पोरगीच येईन तथी.” आणि त्यांचा दुसरा धडा मी जन्मभर वापरला. त्या कॅमेऱ्यांत बटण दाबलं की आतला आरसा उचलला जायचा आणि क्षणभर डोळ्यापुढे काळोख व्हायचा. म्हणजे जो फोटो निघतो तो काढणाऱ्याला दिसतच नाही. त्याच्या आधीचं दिसतं, नंतरचं दिसतं. मामा म्हणायचे, “दिसलं म्हंजे गेलं. सूर तुले दिसला ना, का समज, फोटो हुकला. नाई दिसला तं निंघाला.” मला हे ऐकून हसू यायचं, पण पहिले दोन रोल वाया घालवल्यावर पटलं. आता माझ्या हातात जो कॅमेरा असतो त्यात काळोख होतच नाही. बोट दाबून ठेवलं की सेकंदात कितीतरी फोटो निघतात आणि सगळे दिसतात. सोय झाली यात वाद नाही, पण छातीत धडधडायचं बंद झालं.

मामांची एक गोष्ट इथेच सांगायला हवी, नाही तर पुढचं समजणार नाही. तेव्हा रोल महाग आणि माणसं हौशी. लग्नात प्रत्येकाला वाटायचं आपला फोटो निघावा. म्हणून बरेच फोटोवाले सरळ खाली फ्लॅश मारायचे, म्हणजे कॅमेऱ्यात रोल नसताना किंवा बटण न दाबता नुसता उजेड पाडायचा. पाहुणे खूश, पोरंबाळं खूश, पुढे कुणी विचारलंच तर ‘खराब निघाला’ म्हणायचं. धंद्यात याला कुणी फसवणूक मानत नसे. मामा मानायचे. एका लग्नात त्यांच्या ओळखीचा फोटोवाला असाच फ्लॅश उडवत होता, तर मामा त्याला सगळ्यांदेखत म्हणाले, “मानूस तुह्याकडं पाहून हसला ना बे? मंग त्याचा फोटो काढ. त्याचं हसू कायले फुकट घालवतं?” तो हसण्यावारी न्यायला लागला, तर हे जेवायचं सोडून निघून आले. घरी मामीने भाकरी टाकता टाकता त्यांना भरपूर ऐकवलं. लग्नातलं जेवण सोडून येण्याइतकं यात काय होतं, हे तिला कधीच कळलं नाही.

आणि अशा या माणसाच्या दुकानाच्या काचेत स्वतःच्या मुलीचा एकही सूर नव्हता. काचेत गावातल्या सगळ्या चांगल्या खेळाडू होत्या, कुणी खांबाला लटकलेली, कुणी धुळीत आडवी, कुणी जमिनीपासून हातभर वर. संध्या त्यांच्यातल्या कुणाहूनही वर उडायची. पण तिच्या प्रत्येक फोटोत घात ठरलेला. एकात ती नुकतीच पडलेली, एकात उठून गुडघे झटकणारी, एकात फक्त तिची वेणी. तिला नागपूरला नर्सिंगच्या प्रशिक्षणाला जागा मिळाली होती. एकदा गेली की खेळ सुटणार, हे तिला आणि आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. अकोल्याची स्पर्धा ही तिची शेवटची स्पर्धा. तिथे जायच्या आदल्या आठवड्यात जेवताना ती एकदम म्हणाली, “बाबा, साऱ्या गावाच्या पोट्ट्या तुमच्या काचेत उडून राहिल्या. मी कुठी हावो? मले तं माहीतच नाई मी हवेत कशी दिसतो ते.” मामांनी घास तसाच ठेवला. मामी म्हणाली, “तिच्या वाट्याले शेळीच येते बाप्पा,” आणि सगळे हसले. मामा हसले नाहीत.

शेळीबिळी काही नव्हती, हे मला ठाऊक होतं. महिनाभरापूर्वी गावातल्याच एका सामन्यात मी मामांच्या शेजारी बसले होते. समोर सगळं मोकळं, उजेड उत्तम, पंचही लांब. संध्या खांबाकडे झेपावली आणि मी सहज मामांकडे पाहिलं. कॅमेरा डोळ्याला लावलेला आणि डोळे दोन्ही गच्च मिटलेले. खांदे कानापर्यंत आलेले. धप् झाल्यावर डोळे उघडले आणि तेव्हा कुठे बोट दाबलं गेलं. दुसऱ्यांच्या मुली उडत तेव्हा हा माणूस पापणी हलवत नसे. आपली उडाली की याचा बाप व्हायचा. त्या जेवणानंतर हात धुताना तेच मला हळूच म्हणाले, “शालू, अकोल्याले मोठा कॅमेरा तू घेजो. माह्याच्यानं होत नाई. पोरगी आपटन म्हनून डोळे मिटतात, काय करू?” मी म्हटलं, “मामा, मी पाहिलं होतं.” ते म्हणाले, “हो? मंग मामीले सांगू नको, ते जलमभर चिडवन.”

अंतिम सामना अकोल्याला दुपार कलताना होता. आम्ही एस.टी.ने गेलो. मामीने दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली होती, शिवाय संयोजकांनी मागवलेले हारही आमच्याच मांडीवर. मैदानाला मामांनी नेहमीप्रमाणे फेरी मारली आणि पश्चिमेच्या खांबापाशी येऊन थांबले. सूर्य पाठीशी घेऊन या खांबामागे बसलं, की अंगावर येणाऱ्या मुलीच्या तोंडावर पुरा उजेड पडणार. जागा हीच. पण संयोजकांनीही हाच विचार केला होता. पाहुण्यांच्या डोळ्यांवर ऊन नको म्हणून त्यांनी सोफे नेमके याच खांबामागे मांडले होते. सोफ्यांपुढे टीपॉय, त्यावर करंडक, करंडकाशेजारी आमच्याच मामीचे हार. मामांनी कार्यकर्त्यांना काकाकाका करून दोन सोफ्यांच्या मध्ये हातभर फट मागून घेतली आणि त्या फटीत मला मांडी घालून बसवलं. माझ्या एका कानाशी एका वकीलसाहेबांचा गुडघा आणि दुसऱ्या कानाशी कुणा मास्तरांची काठी. “खांबावर बांध फोकस,” मामा म्हणाले आणि जुना कॅमेरा घेऊन उद्घाटनाचे फोटो काढायला गेले.

सामना मी फारसा पाहिला असं म्हणता येणार नाही. मला खांब दिसत होता. पहिला डाव संपला, दुसरा आला. अकोल्याच्या मुली चपळ, आणि गर्दी त्यांचीच. संध्याच्या संघाला शेवटच्या पाळीत भराभर गडी बाद करायचे होते. ती दोनदा माझ्या खांबापर्यंत आली, पण समोरची आधीच बाद झाल्यामुळे सूर मारायची गरजच पडली नाही. वेळ संपत आली. अकोल्याची एक उंच मुलगी काही केल्या हाती लागेना, ती खांबाखांबांशी हुलकावण्या देत होती, आणि संध्याला खो मिळाला. मी बोट बटणावर ठेवलं. आणि तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले.

आपल्याकडे प्रमुख पाहुणा वेळेवर येत नाही, आणि आला की मैदानावर काहीही चाललेलं असो, सगळ्यांनी उभं राहायचं असतं. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, मलाही एरवी वाटलं नसतं. वकीलसाहेब उठले. मास्तर उठले. मागचे कार्यकर्ते हार घेऊन पुढे धावले, पाहुण्यांना जवळून बघायला बाजूची गर्दी आत आली, कुणीतरी सतरंजीवरची लहान मुलं बाजूला सारली आणि माझ्यापुढे पाठी आल्या. पांढऱ्या, खाकी, चौकडीच्या पाठी. खांब गेला. पलीकडून पावलांची धडधड ऐकू येत होती. “बसा ना, ओ, बसा ना!” मी ओरडले, पण माझा आवाज माझ्याच कानाशी राहिला.

तेव्हा डावीकडून मामांचा आवाज आला. असा दणदणीत आवाज मी त्यांच्या तोंडून पूर्वी ऐकला नव्हता. “साहेब! फोटो! इकडं या, इकडं, पान्याच्या टाकीपाशी! इथी उजेड लय बेस हाये! सारे या, सारे! चहावाले भाऊ, तुमी बी या! पेपरात देतो!” त्यांनी जुना कॅमेरा डोक्यावर धरला होता आणि फ्लॅश उडवून दाखवत होते. फोटोच्या नावाने माणसं कशी हलतात ते मी त्या दिवशी पाहिलं. पाहुणे हसून वळले, पाहुण्यांमागे वकीलसाहेब, वकीलसाहेबांमागे मास्तर, कार्यकर्ते, हारवाले, नातवाला खांद्यावर घेतलेले एक आजोबा, चहाची किटली हातात धरलेला माणूस. सगळी पश्चिम बाजू टाकीकडे सरकली आणि ओळीत उभी राहून केस सारखे करू लागली. मामा त्यांच्यापुढे उभे होते, मैदानाकडे पाठ करून. फ्लॅश एकामागून एक पडत होते. त्या कॅमेऱ्यातला रोल उद्घाटनातच संपला होता. तो मीच काढून पिशवीत ठेवला होता.

समोर खांब होता. खांबाच्या मागून ती उंच मुलगी वळली आणि तिच्यामागे संध्या. मला तिचं कपाळ दिसलं, एवढं आठवतं. मग काळोख.

धप् झालं, शिट्टी झाली, धूळ उडाली. तो गडी बाद झाला, पण सामना एका गुणाने गेलाच. अकोल्याची सगळी गर्दी मैदानात धावली. संध्या धुळीत बसून गुडघा चोळत माझ्याकडे बघत होती. मामा गर्दीतून वाट काढत आले. “निंघाला का?” त्यांनी विचारलं. मी रडवेली झाले होते. “माहीत नाई मामा. मले काईच नाई दिसलं.” त्यांचा चेहरा फुलला. “नाई दिसलं ना? मंग निंघाला! अन् मी ऐकलं ना. आधी क्लिक, मंग धप्. म्हंजे हवेतच हाये ते.” त्या गोंगाटात टाकीपासून क्लिक ऐकू येणं कसं शक्य आहे, असं मी त्यांना नंतर पुष्कळदा विचारलं. ते दर वेळी तेच सांगत. दोन्ही आवाज त्यांच्या घरातले होते, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालून घेतली आहे.

बक्षीस समारंभात मामांनी जुन्या कॅमेऱ्यात नवा रोल घातला आणि पाहुणे, वकीलसाहेब, अध्यक्ष, सगळ्यांचे करंडकासकट खरे फोटो काढले. माझ्या मते प्रकरण मिटलं होतं. पण त्या रात्री मुक्कामाला आमच्या घरी आईने केलेल्या पातोडीच्या रश्शावर त्यांचं लक्ष नव्हतं. बाबा मला मास्तरकीबद्दल विचारत होते आणि मामा मध्येच म्हणाले, “तो चहावाला कुठी राहत असन?” सकाळी उठल्याबरोबर त्यांनी मला बाहेर काढलं. “साहेबलोकाचं भागलं. बाकीचे उगाच हसले ना माह्याकडं पाहून. तू अथीचीच हायेस, चाल, दाखव.” जुन्या शहराच्या गल्ल्या मला पाठ, आणि मामांना चेहरे पाठ. किटलीवाला पुलापाशी सापडला. हार धरणारे दोन कार्यकर्ते भाजीबाजारात मिरच्या निवडत होते. नातवाचे आजोबा शोधायला उशीर लागला, कारण मामांना एवढंच आठवत होतं की नातवाच्या कानात भिकबाळी होती. पण तेवढ्यावर एका बाईंनी घर सांगितलं. प्रत्येकाला मामा म्हणायचे, “कालचा फोटो मनासारखा नाई आला. एक डाव अजून हसा.” फोटो आलाच नव्हता हे त्यांनी सांगितलं नाही, आणि ते सांगायला हवं होतं असंही मला कधी वाटलं नाही. हे फोटो त्यांनी मोठ्या कॅमेऱ्यात काढले, माझ्याच रोलवर, संध्याच्या फोटोच्या पुढच्या चौकटींत. आजोबांनी टोपी बदलायला वेळ मागितला तेव्हा मी गल्लीत उभी राहून विचार करत होते, की आधीच्या चौकटीत काय आहे कुणास ठाऊक. मामांना काही घाई नव्हती.

दुपारी अमरावतीला पोचलो आणि जेवायच्या आत डार्करूममध्ये शिरलो. रोल धुतला, वाळवला. बारीकशा उलट्या चित्रात काही कळेना. मामांनी कागद औषधात सोडला आणि तबक हलवायला मला दिलं. लाल उजेडात आधी खांब आला. मग फक्कीची रेष. मग एक हात, खांबाला पकडलेला, मग दुसरा, ज्याचं बोट उंच मुलीच्या सदऱ्याला टेकलेलं, आणि त्या दोन हातांमध्ये जमिनीला समांतर आडवी संध्या, वेणी मागे सरळ ताणलेली. तिच्या आणि माझ्यामध्ये काहीसुद्धा नव्हतं. आज माझ्यापाशी लहानमोठी पारितोषिकं मिळालेले फोटो आहेत. खेळाच्या मैदानावर मी इतकी वर्षं काढली आणि माझी मुलं-भाचरं ते फोटो फोनवर सगळ्यांना पाठवत असतात. त्यातला एकही या फोटोच्या जवळ जात नाही. तो मी काढला असं म्हणतात खरं. मी बटण दाबलं होतं.

मामांनी कागद दुसऱ्या औषधात घातला, पाण्यातून काढला आणि दार उघडून उजेडात धरला. मामी अर्धा ओवलेला हार हातात घेऊन तिथेच उभी होती. तिने नवऱ्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली.

“अवो,” ती म्हणाली, “पोरीचे डोळे पाहा. सताड उघडे हायेत.”

“हो,” मामा म्हणाले. “ते भेत नव्हती. मीच भेऊन राहिलो होतो.” मामी त्यांना चिडवेल असं मला वाटलं. तिने हारातलं एक फूल नीट केलं आणि आत गेली.

मागून धप् असा आवाज आला. संध्या घरी आल्या आल्या गाद्या पसरून मोकळी झाली होती, नागपूरला जायला दोन-चार दिवस उरलेले असताना कुणासाठी सराव करत होती देव जाणे. मामांनी ओला फोटो माझ्या हातात दिला आणि ते अंगणात गेले. इतक्या वर्षांत सुराच्या वेळी त्यांना अंगणात मी कधी पाहिलं नव्हतं. संध्याही बघतच राहिली. ते पायरीवर बसले, चष्मा सदऱ्याला पुसून डोळ्यांवर चढवला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

“मार,” ते म्हणाले. “मी पाहून राहिलो.”